निरंजनची गाठ आणि शीतलचा मूतखडा

राजपुरा, बुऱ्हाणपूर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. ज्योत्स्नाआत्यास,
निरूचा उभ्याउभ्या नमस्कार.

पत्र बघून तुम्हाला वाटेल, याचा फोन बंद पडला की काय. फोन चालू आहे, पण तो माझा राहिलेला नाही. सकाळी आई त्यावर भजनं लावते, दुपारी अप्पा केळीचा भाव बघतात, आणि वाजला की जो जवळ असेल तो उचलतो. शिवाय मागच्या वर्षी करपा पडलेल्या पानाचा फोटो कृषी केंद्राला पाठवायचा, तो मी 'आपला परिवार' ग्रुपवर टाकला होता आणि सगळ्या नातेवाइकांनी हात जोडले होते. या वेळचा फोटो तसा गेला तर मला गाव सोडावं लागेल.

म्हणून सोबतच्या पाकिटातल्या काळ्या फिल्म एकट्या असतानाच उघडा. त्या माझ्या आहेत. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणं लावताना उजव्या बाजूला हाताला काहीतरी लागलं. उजव्या बाजूला म्हणजे, जिथे दोन असतात तिथल्या उजव्याला. आत्या, याहून स्पष्ट माझ्याने लिहवत नाही. हरभऱ्याएवढं आहे, कडक आहे, दुखत बिलकुल नाही. दुखत नाही म्हणून सोडून द्यायचं ठरवलं, पण हात काही सोडेना. शेवटी डॉक्टरकडे गेलो आणि त्यांनी सोनोग्राफीला पाठवलं.

तिथे मी एकटाच पुरुष. बाकी सगळ्या पोटुशा बायका आणि त्यांच्या सासवा. माझ्या डोक्यावर बोर्ड, की इथे मुलगा की मुलगी ते सांगितलं जात नाही. शेजारच्या बाईने आत जाताना तिची पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "भैया, जरा संभालना." मी ती लाल पर्स सांभाळत बसलो. सगळ्या सासवा माझ्याकडे बघत होत्या.

मग माझा नंबर आला. थंड जेली लावली. तिथले डॉक्टर आधी केळीच्या भावावर बोलत होते, मग बोलायचे थांबले. रिपोर्टमध्ये लिहिलंय, ट्यूमर आहे, दुर्मीळ प्रकार असू शकतो, कॅन्सर नाही असं सांगता येत नाही. ते म्हणाले, मोठ्या जागी दाखवा, वेळ घालवू नका.

मोठी जागा म्हणजे मला तुम्हीच माहीत. तुम्ही नाशकात रोज हेच फोटो वाचता. माघात माझं लग्न आहे. साखरपुड्याला तुम्ही शीतलला पाहिलंच. आत्या, मला अजून घोड्यावर बसायचंय. घरी कोणाला काही सांगितलेलं नाही.

तुमचा घाबरलेला,
निरू

---

नाशिक
२२ नोव्हेंबर

चि. निरंजन,

आशीर्वाद आहेतच, पण आधी ओरडा घे. त्या अवयवाला वृषण म्हणतात. तुझ्या पत्रात तो शब्द एकदाही नाही, आणि केळीचा भाव मात्र आहे. दिवाळीला लागलेली गाठ तू नोव्हेंबर अर्धा संपल्यावर दाखवतोस. दुखत नाही ही चांगली खूण नसते, गाढवा. तरी गेलास हे शहाण्यासारखं केलंस. तुझ्या वयाची मुलं वर्ष वर्ष कोणाला सांगत नाहीत.

आता ऐक. तुझ्या फिल्म मी आल्या आल्या पाहिल्या. चहा घेऊन परत पाहिल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन एक कांदा आडवा चिरला आणि फिल्मच्या शेजारी धरला. गोल गाठ, तिला स्वच्छ कड, आणि आत एकात एक कडी, काळं पांढरं काळं पांढरं, हुबेहूब कांद्याची चकती. रक्त कुठे वाहतं ते रंगात दाखवणारी जी फिल्म आहे, तिच्यात वृषणभर रंग आहे आणि गाठीत एक ठिपका नाही. कॅन्सरच्या गाठीला बहुतेक वेळा रक्त लागतं. हिला लागलेलं दिसत नाही.

अशी गाठ मी इतक्या वर्षांच्या कामात दोनदा पाहिली. कातडीच्या पेशी चुकून आत अडकतात आणि थरावर थर टाकत बसतात. ती पसरत नाही, जिवावर उठत नाही. निरू, मला इतका आनंद झाला की तुझ्या काकांना मी चिरलेला कांदा दाखवत सुटले. त्यांनी तो भाजीत टाकला.

पण शपथ घेऊन सांगता येत नाही. दुसऱ्या वाईट गाठी कधीकधी हाच वेश घेतात. म्हणून तिथेच रक्ताचे तीन तपास कर, नावं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. त्यातला एक गरोदरपणात करतात तोच आहे, कारण काही गाठी रक्तात तेच द्रव्य सोडतात. लॅबवाला हसला तर हसू दे. कोणी सुई घालून बघू म्हणालं तर उठून निघून ये. मग इकडे ये, मी माझ्या यंत्रावर स्वतः बघते. आमचे डॉ. अरविंद जांघेतून उघडून फक्त गाठ काढतील आणि तू टेबलावर असतानाच ती तपासली जाईल. साधी निघाली तर वृषण जागच्या जागी. वाईट निघाली तर ते काढावं लागेल. तेव्हाही घाबरायचं नाही, एकावर लोकांचे संसार होतात, मुलंबाळं होतात, आणि हा आजार वेळेवर सापडला तर बरा होतो.

भाऊला सांग. तुझा बाप आहे तो.

ज्योत्स्नाआत्या

---

राजपुरा
२९ नोव्हेंबर

ती. आत्या,

तुमचं पत्र केळीच्या बागेत जाऊन वाचलं आणि एकटाच हसत सुटलो. मजूर बघायला लागले तेव्हा थांबलो. पण इथे त्या गाठीपेक्षा मोठा घोळ झाला आहे, तो नीट सांगतो.

त्या दिवशी सोनोग्राफीला सखूबाई नावाच्या एक बाई आपल्या सुनेला घेऊन आल्या होत्या. त्या पेपर मिलच्या कॉलनीत शीतलच्या शेजारी राहतात. मी त्यांना ओळखत नव्हतो, त्या मला साखरपुड्याच्या फोटोवरून ओळखत होत्या. त्यांनी जाऊन शीतलच्या वडिलांना, दिगंबररावांना सांगितलं की तुमचा जावई एका पोटुशा बाईला घेऊन सोनोग्राफीला आला होता, आणि तिची पर्स त्याच्या मांडीवर होती. पर्सचं खरं होतं हीच पंचाईत.

दिगंबरराव सोयरीक मोडायला निघाले. आणि आत्या, शीतलने काय करावं? ती म्हणाली, "अहो बाबा, मीच गेले होते त्यांच्यासोबत. माझ्या पोटात दुखत होतं. मूतखडा आहे. तुम्हाला ताण नको म्हणून बोलले नाही." सखूबाईंना म्हणाली, तुम्ही आलात तेव्हा मी आत होते, पर्स माझी. तिच्याकडे लाल पर्स नव्हती, ती तिने दुसऱ्या दिवशी विकत आणली. मला मात्र फोनवर एवढंच म्हणाली, "मी खोटं बोलले आहे. कशासाठी बोलले ते तुम्ही सांगायचं, पण सावकाश." फोन अप्पांच्या हातात होता, त्यामुळे ती पुढे बोलली नाही.

मूतखड्याची बातमी अप्पांना कळली आणि त्यांना चेव आला. मूतखड्यावर केळीच्या खोडाचा रस, हे तुम्हाला माहीतच आहे. आता अप्पा रोज सकाळी एक खोड कापतात, चेचतात, गाळतात आणि कॅन भरून मिलच्या बसने कॉलनीत पाठवतात. शीतलला तो सगळ्यांसमोर प्यावा लागतो. अप्पा सांगतात, सून चांगली आहे, तोंड वाकडं करत नाही.

तुम्ही सांगितलेले तपास केले. लॅबमधला धर्मेंद्र शाळेत माझ्या दोन वर्ग मागे होता. तो कागद बघून म्हणाला, "निरूभैया, ये तो लेडीज का टेस्ट है." मी म्हटलं, माझंच रक्त घे. त्याने घेतलं, पण बाजारात आई भेटली तेव्हा तोंड काही बंद ठेवलं नाही. आईने त्या टेस्टमध्ये शीतलची सोनोग्राफी मिळवली आणि तिला वाटतंय की ती आजी होणार. चिडली नाही, आत्या. अप्पांना न कळवता तिने डिंकाचे लाडू वळायला घेतले आहेत आणि भटजींना सांगून लग्न माघातून मार्गशीर्षात ओढायच्या मागे आहे. म्हणते, उगाच लांबवायचं कायले. तुम्ही म्हणता ऑपरेशन, आई म्हणते हळद, दोन्ही एकाच महिन्यात येऊ राह्यलं आहे.

रिपोर्ट सोबत आहेत. अप्पांना सांगायला दोनदा शेतात गेलो. दोनदा ते खोड चेचत होते आणि इतके खूश होते की मी नुसता कॅन धरून उभा राहिलो.

निरू

---

नाशिक
३ डिसेंबर

चि. निरंजन,

तिन्ही तपास नॉर्मल आहेत. पहिलं वाक्य तेच लिहिलं, म्हणजे तू श्वास घेऊन पुढचं वाचशील. मी तुझं पत्र वाचून इतकी हसले की क्लिनिकमधल्या मुली आत डोकावून गेल्या.

आता हसू बाजूला ठेव. ऑपरेशन सोळा तारखेला ठरवलं आहे. तू टेबलावरून काय घेऊन उठशील हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. फोटो मला एक सांगतो, रक्तही तेच सांगतं, तरी शेवटचा शब्द त्या गाठीचाच असतो. ज्या मुलीने काही माहीत नसताना तुझ्यासाठी मूतखडा अंगावर घेतला, तिला हे ऑपरेशनच्या आधी कळलं पाहिजे. नंतर सांगशील तर ते सांगणं नव्हे, ती फसवणूक. तिला नाही म्हणायचं असेल तर तिला तेवढी जागा दे.

वहिनीच्या लाडवांचं मी काही करू शकत नाही. भाऊच्या रसाचं तर नाहीच.

आत्या

---

मिल कॉलनी
९ डिसेंबर

ती. ज्योत्स्नाताईंना (आत्या म्हणायला अजून हळद लागायची आहे, पण मी आत्याच म्हणते),

शीतलचा नमस्कार.

त्यांनी मला सांगितलं. बस स्टँडजवळ मावा जिलेबीच्या दुकानात, आणि मला सोबत म्हणून आलेला माझा भाऊ अजय तिसरी प्लेट आणायला गेला तेवढ्यात. सुरुवात त्यांनी कांद्यापासून केली. कांदा आडवा कसा चिरतात, त्यात कडी कशी असतात. मी म्हटलं, "कांद्याचं राहू द्या, ती बाई कोण आहे ते सांगा." ते म्हणाले, बाई नाही, गाठ आहे. कुठे, म्हटलं, तर जिलेबीकडे बघत बसले. शेवटी डोळे मिटून तुमचा तो शब्द म्हणाले, शाळेत कविता म्हणतात तसा, आणि जरा मोठ्यानेच. शेजारचे काका उठून दुसऱ्या बाकावर गेले.

आत्या, मी हसले. हसले म्हणजे डोळ्यांतून पाणी, नाकातून जिलेबी. इतके दिवस मनात काय काय येत होतं आणि निघालं काय. अजय आला आणि म्हणाला, "क्या हुआ, दीदी को लगा क्या?" तो माझ्यासाठी पाणी आणायला गेला तेव्हा ते म्हणाले, "शीतल, एक कदाचित काढावं लागेल. तू आत्ता नाही म्हणालीस तरी मी कोणाला कारण सांगणार नाही." तेव्हा माझं हसू थांबलं. मी त्यांना म्हटलं, मी लग्न माणसाशी करते आहे, तुम्ही मोजदाद कसली सांगता.

असं बोलले खरी, पण घरी आल्यावर वह्या तपासायला बसले आणि एकच गणित तीनदा तपासलं. म्हणून तुम्हाला एकच विचारते आणि उत्तर सरळ द्या. ते वाचतील ना? मुलांचं नंतर बघू. मी शाळेत गणित शिकवते, शक्यता म्हणजे काय ते मला कळतं, तरी तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

तुम्हाला वाटेल मी खोटं का बोलले. सखूबाई रंगवून सांगत होत्या की तो त्या बाईची पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून बसला होता, कोणी पळवून नेईल अशा भीतीने. मी मनात म्हटलं, पाप करून आलेला माणूस पर्स अशी धरत नाही. काय झालंय ते कळत नव्हतं, पण हा माणूस लबाड नाही एवढं कळलं. मग मूतखडा आपोआप तोंडातून निघाला.

तो रस मात्र आता जात नाही. तुरट आहे आणि कपड्यांवर डाग पडतात. वर सासूबाईंचे डिंकाचे लाडू. वजन वाढलं तर त्यांचा संशय पक्का होईल. मी लग्नाची तारीख परत माघात नेली आहे, मूतखड्याच्या उपचाराला नाशिकला जायचं असं सांगून. अजय सोबत येईल, त्याला फक्त खडा माहीत आहे. ते "होणाऱ्या बायकोच्या सोबतीला" येत आहेत. सासरे गाडीत रसाचा कॅन देणार आहेत.

तुमची,
शीतल

---

नाशिक
२४ डिसेंबर

चि. निरंजन आणि चि. शीतल,

हे पत्र दोघांनी मिळून वाचा. अंतिम रिपोर्ट आज हातात आला. साधी गाठ. कॅन्सरचा मागमूस नाही. शीतल, तू पत्रात जे विचारलं होतंस, त्यावर तेव्हा मी फोनवर "बहुतेक" म्हणाले होते. आता बहुतेक काढून टाक. वाचेल, आणि तुला म्हातारपणी छळेल.

त्या दिवशीचं तुम्हाला एक सांगायचं राहिलं. मी जन्मभर पडद्यावरच्या सावल्या वाचत आले. ती वस्तू प्रत्यक्ष बघायला ऑपरेशन थिएटरात मी कधी जात नाही. या वेळी गेले. डॉ. अरविंदांनी गाठ सोलून बाहेर काढली, मोत्यासारखी पांढरी, आणि मधोमध कापली. आत एकात एक कडी होती. मी फिल्ममध्ये पाहिली होती तशीच, त्याच क्रमाने. मग तपासणीवाल्यांचा निरोप येईपर्यंत आम्ही सगळे उभे. निरोप आला, "साधी आहे, टाके घाला." मी मास्कच्या आत रडले, निरू. चष्म्यावर वाफ धरली आणि अरविंद म्हणाले, मॅडम, बाहेर जाऊन त्या मुलीला सांगा, ती मघापासून भिंतीला टेकून उभी आहे. मी बाहेर आले तर शीतलने माझं तोंड बघितलं आणि आधी अजयला मिठी मारली. निरू औषधं आणायला गेलाय असंच त्याला सांगितलेलं, त्याला वाटलं खडा पडला.

वृषण जागेवर आहे, रक्त नीट वाहतं आहे, तुम्ही निघायच्या आधी केलेल्या सोनोग्राफीत मी स्वतः पाहिलं. आता महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी दोन्ही बाजू हाताने बघत जा, आणि मित्रांनाही सांग.

शीतलच्या पोटाची सोनोग्राफी मी केली ती केवळ अजय दारात बसला होता म्हणून. खडा अर्थातच नाही. पण हे भाऊला कळल्यापासून तो रोज फोन करून सांगतो की त्याच्या रसाने खडा विरघळला, आणि आता राजपुऱ्यात लोक घरी भांडी घेऊन येतात. निरू, हे तू थांबव. मी सांगितलं तर त्याला वाटेल बहीण डॉक्टरकी दाखवते. तू त्याला पहिल्यापासून सगळं सांग. लाज वाटेल, ती एकदाच वाटते.

ज्योत्स्नाआत्या

---

राजपुरा, बुऱ्हाणपूर
५ जानेवारी २०२५

प्रिय बहीण ज्योत्स्नास,
तुह्या सुकलालभाऊकडून.

मी तुले कधी पत्र लिहिलं नाही. फोनवर बोलतो, पन हे फोनवर जमनार नाही, इथं सगळ्यांचे कान हायेत.

निरूनं मले सगळं सांगतलं. बागेत, पंपाजवळ. मी खाली बसून ऐकलं. त्यानं जेलीपासून टाक्यांपर्यंत काही सोडलं नाही. तो शब्दबी बोलला. मी तर बापाच्या म्होरं असं बोललो असतो तर मार खाल्ला असता. ऐकून मी उठलो, पानी चालू व्हतं ते बंद केलं, मंग मलेच समजंना कायले बंद केलं, तं परत चालू केलं. पोरगं एवढ्या भेवात फिरू राह्यलं व्हतं आन मी त्याच्या हातात रसाचा कॅन देऊ राह्यलो व्हतो. मले लई रडू आलं. मंग शीतलनं तो रस तोंड वाकडं न करता कसा पेला ते ध्यानात आलं आन लई हसू आलं. दोघं बापलेक बांधावर बसून हसलो. लोकायचे भांडे मी परत पाठवले.

मनकर्णाले, त्याच्या मायले, निरूनंच सांगतलं. ती दोन दिवस रुसली. पोरगं बरं झालं म्हनून खूश, आन आजी व्हायचं लांबलं म्हनून रुसली. लाडू आमीच खाऊ राह्यलो.

आता माह्या मतलबाचं लिहितो.

निरूचं ऐकलं तवापासून मले चैन नाही. ज्योत्स्ना, मलेबी हाये. तिथंच. गाठ नाही लागत, पानी भरल्यासारखी सूज हाये, डाव्या बाजूनं. पह्यले लिंबाएवढी व्हती, आता मोसंबीएवढी हाये. लई वर्सं झाले. मनकर्णाले मी सांगतो की पायजमा मले चालत नाही, मी धोतराचा मानूस. तुह्या घरी येतो तं खुर्चीवर बसत नाही, खाली सतरंजीवर बसतो, तुले वाटते भाऊ साधा हाये. साधा-बिधा नाही, खुर्चीवर टोचते. माही सख्खी बहीण हेच काम करते, आन मी तिच्या घरी जेवून, पान खाऊन, न सांगता परत येत गेलो. पोरानं लाज सोडली तं मी साठीत कोनासाठी धरून बसू.

निरू म्हनते, दुखत नाही, फक्त जेली थंडी लागते. इथं मी जानार नाही, सखूबाई असतीन. नाशिकले येतो. फोटो दुसऱ्या कोनाले काढू दे, मंग तू वाच. तू मले राखी बांधते, मी तुह्याकडे पाहू शकनार नाही. वाईट असलं तरी मले सांगजो, लपवू नको.

आन तारीख लग्नाच्या आधीची धर. निरूच्या वरातीत मले नाचनं हाये. आतापोत दुसऱ्यायच्या वराती मी ओट्यावर बसूनच पाह्यल्या.

तुहा भाऊ,
सुकलाल